एका थेंबातले ३६,४५०



दशलक्षण पर्वात जमलेल्या ज्ञानदानाच्या रकमेतून आमच्या महिला मंडळानं यंदा गावातल्या शाळेला एक सूक्ष्मदर्शक दिला. दोन नळ्यांचा, दोन्ही डोळे लावून बघायचा. आमच्या वेळी शाळेत एकच होता, एका नळीचा. तो कपाटात असायचा आणि वर्षातून एकदा कांद्याचा पापुद्रा दाखवायला बाहेर यायचा. पन्नास मुलींची रांग, एकीच्या वाट्याला जेमतेम दहा सेकंदं. मी तर त्यात स्वतःच्या पापण्याच बघितल्या आणि घरी जाऊन आईला सांगितलं, कांद्याला केस असतात!

तर शाळेत छोटासा कार्यक्रम झाला. विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, पहिल्यांदा काय बघू या? मीच हौसेनं म्हटलं, पाण्याचा थेंब. माझ्या पाठशाळेतल्या चार-पाच मुली तिथं होत्या. त्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आलेय की पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० हलते जीव असतात, आणि ते कॅप्टन स्कोर्सबी नावाच्या एका इंग्रजानं सूक्ष्मदर्शकातून मोजलेत. तुम्हीही हे वाचलं असेल. आपल्या कितीतरी पुस्तिकांत आणि तक्त्यांवर हा आकडा असतो.

बाईंनी मुलांच्या प्यायच्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवला. सातवीतली एक मुलगी डोळे लावून बसली. चांगली पाच मिनिटं बसली. मग मान वर करून म्हणाली, “काकू, ह्यात तर काहीच नाही. ते छत्तीस हजार कुठं गेले?”

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मी “नंतर सांगते गं” म्हणून चहाकडे वळले. जुना एका नळीचा असता तर म्हटलं असतं, बाळ, तुला नीट दिसलं नसेल. पण तिनं नीट बघितलं होतं. त्या रात्री मला झोप लागेना. अणुव्रतांतलं दुसरंच व्रत सत्याचं, आणि जे मी कधी पडताळून बघितलं नाही ते मी लेकरांना छातीठोकपणे सांगत होते.

मग पुढचे तीन आठवडे भाच्याच्या मदतीनं जुनी पुस्तकं शोधून वाचली. जे सापडलं ते तुम्हाला सांगते. आधी ह्या यंत्राची गोष्ट सांगते, कारण त्या आकड्याची गोष्ट त्यातच आहे.

पाण्यातले जीव पहिल्यांदा ज्यानं नीट पाहिले तो माणूस आपल्यातल्या पुष्कळांसारखा कापडाचा व्यापारी होता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अँटनी व्हॅन लेव्हेनहूक. कापडाची वीण आणि सूत तपासायला व्यापारी भिंग वापरत. त्याला भिंगाचाच नाद लागला. तळहातात मावेल अशी पितळेची पट्टी, तिच्यात मोहरीएवढं एकच भिंग, मागं एक स्क्रू. ती डोळ्याला अगदी चिकटवून उजेडाकडे धरायची. अशी शेकडो यंत्रं त्यानं स्वतः केली. त्यांतली जी उरली आहेत त्यांतलं एक तर जवळजवळ २७० पट मोठं दाखवतं. १६७४ मध्ये त्यानं तळ्याचं पाणी बघितलं आणि त्यात इवलेसे प्राणी पोहताना दिसले. १६७६ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला मोठं पत्र लिहिलं. तिथल्या विद्वानांना ते खरं वाटेना. रॉबर्ट हुकनं स्वतः प्रयोग करून १६७७ च्या नोव्हेंबरात सभासदांना ते जीव दाखवले, तेव्हा कुठं विश्वास बसला.

हा हुकही मोठा माणूस. १६६५ मध्ये त्याचं ‘मायक्रोग्राफिया’ हे चित्रांचं पुस्तक आलं. बुचाच्या कापात त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं दिसली आणि त्यांना त्यानं ‘सेल’ म्हटलं. आपण शाळेत शिकलेली पेशी ती हीच. एकेरी भिंगानं डोळ्यांना फार ताण येतो, अशी हुकची तक्रार होती. म्हणून तो नळीत दोन-तीन भिंगं बसवलेलं यंत्र वापरी. तेही एकाच डोळ्यानं बघायचं. एक डोळा मिटून दुसऱ्यानं तास न् तास बघायचं म्हणजे काय होतं, ते सुईत दोरा ओवणाऱ्या आपल्याला सांगायला नको.

देवानं दोन डोळे दिलेत तर दोन्हींनी का बघू नये, हा विचार एका संन्याशाच्या मनात आला. शेरुबॅं द’ऑर्लेआं हा फ्रान्समधला कॅपुचिन पंथाचा साधू. १६७७ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्यानं दोन नळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाचं वर्णन केलं. दोन नळ्या तिरप्या, खाली एकाच वस्तूवर रोखलेल्या. पण त्यात एक गफलत होती. प्रत्येक नळी आपलं चित्र उलटं करत असे. त्यामुळे डाव्या डोळ्याचं उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला दिल्यासारखं होई, आणि उंचवटा खड्ड्यासारखा दिसे. पुढं दीडशे-पावणेदोनशे वर्षं ही कल्पना जवळजवळ पडूनच राहिली.

आणि ह्याच एका डोळ्याच्या काळात आपले कॅप्टन येतात.

विल्यम स्कोर्सबी हा खरा माणूस, हे वाचून मला आधी हायसं वाटलं. जन्म १७८९. उत्तर इंग्लंडातल्या व्हिटबीचा. वडीलही कप्तान. लहानपणापासून ग्रीनलंडच्या बर्फाळ समुद्रात जाणारा. पण तो तिथं कशासाठी जात होता, हे कळल्यावर मी पुस्तक मिटून बसले. तो देवमासे मारणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. अहिंसेच्या तक्त्यावर आपण ज्याचं नाव लिहितो, त्याचा धंदा शिकारीचा.

माणूस मात्र नुसता शिकारी नव्हता. सोबत सूक्ष्मदर्शक बाळगायचा. हिमकणांची त्यानं सुंदर चित्रं काढलीत. उत्तरेच्या समुद्राचं पाणी काही ठिकाणी निळं न दिसता हिरवट-पिवळट का दिसतं, असा त्याला प्रश्न पडला. त्या गढूळ हिरव्या पाण्याचा थेंब त्यानं बारीक चौकोन आखलेल्या काचेवर ठेवला आणि मोजायला बसला. एका चौकोनात सरासरी ५० जीव दिसले. थेंबाखाली असे ५२९ चौकोन आले. पन्नास गुणिले पाचशे एकोणतीस. करा बरं हिशेब.

२६,४५०.

मी कागदावर तीनदा केला. १८२० च्या दशकात छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात हाच आकडा आहे. आपल्या पुस्तिकांतला ३६,४५० हा त्याचाच, पहिला अंक बदललेला भाऊ असावा असं मला वाटतं. कुठल्या तरी छापखान्यात दोनाचा तीन झाला असेल आणि मग एकीनं दुसरीचं बघून उतरवला असेल, जसा मी उतरवला.

पण मैत्रिणींनो, दहा हजारांची चूक ही लहान चूक. मोठी चूक वेगळीच आहे. त्यानं मोजला तो थेंब जिवांनी रंगलेल्या समुद्राचा होता. तो कुठल्याही पाण्याचा थेंब नव्हता, प्यायच्या पाण्याचा तर नव्हताच. स्कोर्सबीनं स्वतः तसं कुठं म्हटलेलं नाही. त्यानं जे बघितलं, जिथलं बघितलं, तेवढंच लिहिलं. ‘कुठल्याही थेंबात’ हे आपण पुढं जोडलं.

ह्या जिवांवर लहान जलचर जगतात आणि त्यांच्यावर देवमासे जगतात, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. पुढं त्यानं समुद्र सोडला. १८२५ मध्ये दीक्षा घेऊन तो चर्चमध्ये धर्मगुरू झाला. का सोडला ते त्याचं त्याला ठाऊक. मला मात्र वाचताना बरं वाटलं.

आता पुन्हा दोन डोळ्यांकडे. १८३८ मध्ये लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टननं दाखवून दिलं की आपल्या दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू ती जुळवतो, म्हणून आपल्याला खोली कळते. मग दोन नळ्यांचा विचार पुन्हा सुरू झाला. अडचण अशी की जास्त मोठं दाखवणारं भिंग वस्तूच्या इतकं जवळ न्यावं लागतं की तिथं दोन भिंगं शेजारी मावतच नाहीत. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला जॉन लेनर्ड रिडेल नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८५१ मध्ये त्यांनी तोड काढली. खाली भिंग एकच ठेवायचं आणि वर येणारा उजेड काचेच्या लोलकांनी दोन डोळ्यांत वाटून द्यायचा. १८५३ मध्ये त्यांनी असं यंत्र शास्त्रज्ञांच्या सभेत दाखवलं.

त्यानंतर १८६० च्या सुमारास लंडनच्या फ्रान्सिस वेनहॅम ह्या इंजिनिअरनं ते आणखी सोपं केलं. भिंगाच्या मागं एकच छोटा लोलक. अर्धा उजेड सरळ एका नळीत, अर्धा वळून दुसऱ्या तिरप्या नळीत. लोलक बाजूला सरकवला की यंत्र पुन्हा एका डोळ्याचं. इंग्लंडातल्या हौशी लोकांच्या दिवाणखान्यात ही यंत्रं दिसू लागली. पण फार मोठं करून बघायचं तर त्यात चित्र बिघडे. म्हणून खरं बारीक काम करणारे एका नळीवरच राहिले.

त्याचं एक उदाहरण आपल्या देशातलं. १८९७ चा ऑगस्ट, सिकंदराबाद. डॉक्टर रोनाल्ड रॉस डासांच्या पोटात हिवतापाचं मूळ शोधत होते. उकाडा भयंकर, पण पंखा चालवायची सोय नाही, कारण वाऱ्यानं डास उडून जायचे. कपाळाच्या आणि हातांच्या घामानं यंत्राचे स्क्रू गंजले होते, डोळ्याकडच्या भिंगाला तडा गेला होता. तशात २० ऑगस्टला त्यांना हवं ते दिसलं. डासांचं वाचून मन कळवळतं, आणि मलेरियानं फणफणलेलं लेकरू आठवलं की हातही जोडावेसे वाटतात. माझ्याकडून ह्याचा निवाडा होत नाही.

आपल्या शाळेत आहे तसला सूक्ष्मदर्शक येण्यासाठी १९१३ साल उजाडावं लागलं. जर्मनीतल्या वेट्झलार गावच्या लाइट्स कंपनीत फेलिक्स येंच ह्यांनी पूर्ण ताकदीच्या भिंगांवर चालणारी दुहेरी नळी तयार केली. लोलकावर चांदीचा इतका पातळ थर की निम्मा उजेड आरपार जातो आणि निम्मा परततो. दोन्ही डोळ्यांना तेच चित्र, पूर्णच्या पूर्ण.

‘तेच चित्र’ हे लक्षात ठेवा. मला वाटत होतं, दोन नळ्या म्हणजे दुप्पट दिसणार. तसं नाही. ह्या यंत्रात खोली दिसत नाही आणि एकेरीपेक्षा काही जास्तही दिसत नाही. उजेड वाटला जातो म्हणून खालचा दिवा जोरकस लागतो. फायदा एवढाच की डोळा मिटावा लागत नाही, ताण येत नाही, आणि माणूस निवांत बसून बघू शकतो. आमची सातवीतली मुलगी पाच मिनिटं बसली ती त्यामुळेच.

वापरायचीही युक्ती आहे. पहिल्यांदा बघाल तर दोन वेगळे गोल दिसतील. दोन्ही नळ्या धरून जवळ-लांब करायच्या. आपल्या डोळ्यांतल्या अंतराशी त्या जुळल्या की दोन गोलांचा एकच होतो. माझ्यासारखा एका डोळ्याचा नंबर वेगळा असेल तर नळीवरचं कडं फिरवून तो डोळा वेगळा जुळवायचा. नेहमी लहान भिंगापासून सुरुवात करायची. खालची भिंगं ४, १०, ४० आणि १०० पटींची, वरचं १० पटींचं. म्हणजे ४० पटींपासून १,००० पटींपर्यंत.

त्याच्या पुढं? त्याला मर्यादा आहे आणि ती पैशानं सुटत नाही. जर्मनीत येना इथं कार्ल झाइस ह्यांच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या अर्न्स्ट आब्बे ह्यांनी १८७३ मध्ये ती सांगितली. उजेडाच्याच लाटेची एक लांबी असते. तिच्या साधारण निम्म्यापेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी उजेडानं बघणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकात वेगळ्या दिसत नाहीत. हे अंतर मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढं. म्हणजे ‘मला दिसलं नाही’ आणि ‘तिथं नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत, हे यंत्र बनवणाऱ्यांनीच कबूल केलेलं आहे.

आपल्या शास्त्रातही दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची मी गल्लत करत होते. पाणी हेच ज्यांचं शरीर ते अप्कायिक, एका इंद्रियाचे जीव. पाण्यात राहणारे, हलणारे-फिरणारे ते त्रस जीव. गाळणं आहे ते ह्या त्रस जिवांसाठी. सूक्ष्मदर्शकात दिसतात ते पाण्यात राहणारे. अप्कायिक जीव भिंगातून दिसतील असं मी तरी कुठल्या महाराजांच्या प्रवचनात ऐकलेलं नाही. ती श्रद्धेची आणि आगमाची गोष्ट. तिला कॅप्टनच्या साक्षीची गरज नव्हती, मीच उगाच त्याला साक्षीला बोलावलं.

ह्यानं गाळणं खोटं ठरतं का? उलट एक गोष्ट वाचून मी सासूबाईंच्या फोटोकडे बघितलं. बांगलादेशातल्या मतलब भागात रिटा कॉलवेल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी कॉलऱ्यावर काम करत होते. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या कोपेपॉड नावाच्या बारीक जलचरांना चिकटून राहतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. मग त्यांनी ६५ खेड्यांतल्या बायकांसोबत गाळण्याचा प्रयोग केला. काही गावांतल्या बायकांना जुन्या साडीच्या चार घड्या घालून घागरीच्या तोंडावर बांधायला आणि पाणी गाळून घ्यायला शिकवलं. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला. साडीनं गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला होता. आणि नवी साडी नको, जुनीच चांगली. धुऊन धुऊन सुताचे धागे फुगतात आणि छिद्रं बारीक होतात. सासूबाई गाळण्यासाठी नवं कापड कधी घेत नसत. जुनं लुगडं दुहेरी करून बांधायच्या.

पण इथंही जेवढं खरं तेवढंच सांगते. सुटा जंतू कापडाच्या छिद्रातून सहज निघून जातो. कापड अडवतं ते त्याला वाहून नेणाऱ्या जलचराला. म्हणून पावसाळ्यात गाळूनही घ्या आणि उकळूनही.

मागच्या रविवारी मी पाठशाळेतल्या मुलींना घेऊन पुन्हा शाळेत गेले. बाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. मंदिरामागच्या जुन्या विहिरीचं शेवाळलेलं पाणी वाटीत आणलं. वर काच दाबायची नाही, दिवा मंद ठेवायचा, लहान भिंगच वापरायचं आणि काम झटपट करायचं, एवढ्या माझ्या अटी. बाईंनी त्या आनंदानं मानल्या. त्याच मुलीला पहिल्यांदा बसवलं.

ती ओरडलीच. “काकू, पळतायत!”

मीही बघितलं. चपलेच्या तळव्याच्या आकाराचं काहीतरी सुळकन गेलं. बाई म्हणाल्या, पॅरामेशियम. एक पारदर्शक जीव शेवाळाच्या तंतूला धरून डोक्यावर चक्र फिरवल्यासारखं करत होता. तो रोटिफर. एक जण तंतूला आपटून मागं सरला आणि दुसऱ्या वाटेनं गेला. आम्ही सगळ्यांनी मिळून मोजायचा प्रयत्न केला. तेवीसपर्यंत मोजले, मग ते एकमेकांत मिसळले.

नंतर मी मुलींना सगळं सांगितलं. आकडा चुकीचा होता, थेंब समुद्राचा होता, आणि मी न तपासता शिकवलं. एकीनं विचारलं, “मग प्यायच्या पाण्यात जीव नसतातच?” मी म्हटलं, त्या थेंबात आपल्याला दिसले नाहीत, विहिरीच्या थेंबात तेवीस दिसले, आणि ते आहेत की नाहीत हे गाळायच्या आधी कळत नाही, म्हणून गाळायचं. सातवीतली म्हणाली, “हे आधीच सांगायचं ना.” खरंच आहे तिचं.

येताना आम्ही विहिरीवर थांबलो. काचपट्टी वाटीतल्या पाण्यात हलकेच धुतली होती. जिवाणी सोडताना सासूबाई करायच्या तसं, वाटी दोरीनं पाण्यापर्यंत खाली सोडून मगच कलती केली. वरून ओतलं तर ते आपटतात, हे मुलींना सांगावं लागलं नाही.

पाठशाळेतला तक्ता मी उतरवलाय. नवीन लिहायचाय. तुमच्याकडेही तो आकडा कुठं लावलेला असेल तर एकदा बघा. आणि इतकी वर्षं माझ्याकडून जो चुकीचा सांगितला गेला, त्याबद्दल माझ्या सगळ्या विद्यार्थिनींची मी इथंही क्षमा मागते.

जय जिनेंद्र.